मिठाला पाणी सुटलंय पण मशीनला पटत नाही

जुलै महिना, वसई, त्यात तळमजला. भिंतीला टेकलं की शर्ट ओला, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवी बुरशी, चिवडा डबा उघडायच्या आधीच सादळलेला, आणि आमचं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा गार कॉइलवर धरून टाकीत पाणी जमा करणारं मशीन, छातीठोकपणे सांगतंय की घरात दमटपणा ३८ टक्के! अहो इतकी कोरडी हवा आमच्याकडे मे महिन्यात पण नसते. पण त्याला एकदा वाटलं ना की खोली कोरडी आहे, की विषय संपला, मी ५० वर सेट केलंय, ३८ त्याच्या खाली, मग कॉम्प्रेसर कशाला लावायचा, नुसता पंखा फिरवत बसायचं.

कस्टमर केअरवाली म्हणते, "सर, ५० सेट केलंय आणि ३८ येतंय म्हणजे मशीन जास्तच चांगलं चाललंय ना?" आता यावर काय बोलणार. मग एसीवाल्याला बोलावलं तर त्याने हातही न लावता निदान केलं, "साहेब, गॅस गेलाय." त्याच्या मते जगातल्या प्रत्येक मशीनचा गॅस गेलेलाच असतो. मी रात्री कंटिन्युअस मोड लावला, त्यात मशीन दमटपणा मोजणाऱ्या सेन्सरला विचारतच नाही, सरळ चालत राहतं, तर सकाळी टाकी काठोकाठ. म्हणजे गॅस आहे, कॉइल गार होतेय, खोटारडा तो सेन्सर. फोन करून सांगितलं तर एसीवाला म्हणतो, "थोडा तरी गेला असेल."

आईचं पहिल्यापासून एकच, "ती मिठाची बरणी बघ की!" आणि गंमत म्हणजे आई शास्त्रात बसते. दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि बंद जागेत ओलं मीठ ठेवलं तर तिथली हवा ७५ च्या आसपास येऊन थांबते, हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचं यंत्र, असंच तपासतात. मग काय, प्लग काढून मागची जाळी खोलली, वायरीला लटकलेला नखाएवढा सेन्सर बाहेर घेतला आणि बाटलीच्या झाकणातल्या ओल्या मिठाशेजारी झिपच्या पिशवीत कोंबला, वायरीभोवती चिकटपट्टी, मशीन चालू, रात्रभर तसंच. सकाळी आकडा ३९. एक टक्का वाढवलान, उपकारच.

तसं त्याचंही बरोबर आहे म्हणा. आत पॉलिमरचा पातळ थर असतो, तो हवेतला ओलावा शोषतो त्यावरून आकडा ठरतो, आणि धूळ, धूर, उग्र वासाची रसायनं त्याला सोसत नाहीत. आमच्याकडे शेजारच्या कपाटात डांबरगोळ्या, समोर रोजची अगरबत्ती आणि खाली फिनाईल! किती दिवस तग धरणार बिचारा.

नवा सेन्सर बसवला तो पहिल्याच मिनिटाला ८९ म्हणाला, ऐकून इतकं बरं वाटलं काय सांगू. आता कॉम्प्रेसर थांबतच नाही, कारण मशीनमधून गरम कोरडी हवा येते म्हटल्यावर आईने समोर दोरी बांधून घरातले सगळे कपडे वाळत घातलेत. म्हटलं, "अगं, ओले कपडे इथेच असले तर ५० कधी येणारच नाही."

"नको येऊ दे," आई म्हणाली, "अजून टॉवेल राहिलेत."