रॉकी हरतो, आणि हरायलाच हवा होता

1976 चा ‘रॉकी’ हा हॉलिवूडचा बॉक्सिंगवरचा पिक्चर अखेर थिएटरात बघितला, अंधेरीला. हल्ली जुने पिक्चर पुन्हा लावतात ना, तसा. मोबाईलवर तुकड्यातुकड्यात बघितला होता पण मोठ्या पडद्यावर तो वेगळाच लागतो. मारामारीचा पिक्चर म्हणून ज्यांनी सोडलाय त्यांनी तर बघाच, कारण बहुतेक वेळ एक तिशीचा बॉक्सर, रॉकी, फिलाडेल्फियाच्या थंडीत सावकाराची वसुली करत फिरतोय, बस.

मला सगळ्यात जास्त लागला तो मिकीचा सीन. या म्हाताऱ्या कोचने रॉकीचा लॉकर काढून दुसऱ्याला दिलेला असतो, आणि रॉकीला टायटल फाइट (जगज्जेतेपदाची लढत) मिळाल्यावर तोच त्याच्या खोलीवर येतो, मला मॅनेजर म्हणून घे सांगायला. रॉकी बाथरूममध्ये जाऊन बसतो. म्हातारा जिना उतरायला लागल्यावर याचा सगळा राग बाहेर पडतो, भिंतींवर ओरडतो अक्षरशः, इतकी वर्षं कुठे होतास म्हणून. आणि मग धावत खाली जातो. कॅमेरा लांबच, काय बोलले ऐकू येत नाही, फक्त हात मिळवताना दिसतात. असा सीन लिहायला माणसं कळावी लागतात राव.

फाइटच्या आदल्या रात्री रॉकी प्रेयसी अ‍ॅड्रियनला सरळ सांगतो की मी जगज्जेत्या क्रीडला हरवू शकत नाही, मला फक्त शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहायचंय. तेव्हा टायटल फाइट 15 राऊंडची असायची (आता 12), म्हणजे 45 मिनिटं जगज्जेत्याचे ठोसे खायचे. आणि हे हवेतलं नाही, 1975 मध्ये चक वेपनर नावाचा बॉक्सर मोहम्मद अलीसमोर पंधराव्या राऊंडपर्यंत टिकला होता, ती फाइट बघूनच स्टॅलोनने (रॉकी झालाय तोच) हे लिहिलं.

शेवटी निकाल क्रीडच्या बाजूने लागतो, तोही गोंगाटात नीट ऐकूसुद्धा येत नाही कारण रॉकी अ‍ॅड्रियनला हाका मारतोय. आपल्याकडे असतं तर शेवटच्या सेकंदाला नॉकआऊट, कॉमेंटेटर ओरडतोय, तिरंगा. मला याचा खरंच त्रास होतो. लालबाग-परळला गिरण्यांच्या कबड्डी टीम होत्या, गिरण्या बंद पडल्या तशा त्याही गेल्या. आता आमच्याकडची पोरं पहाटे मैदानात असतात, पोलीस किंवा रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यावर डोळा ठेवून, आणि बरीचशी सिलेक्शनलाच राहतात. त्यांनी काय कमी घाम गाळलेला असतो? पण मेडल नाही म्हणजे स्टोरी नाही, असंच धरून चालतात सगळे.

एक गोष्ट मात्र खटकली. रॉकी अ‍ॅड्रियनला पहिल्यांदा खोलीवर आणतो तेव्हा ती निघायचं म्हणते आणि हा दार अडवून उभा राहतो. त्याला रोमान्स म्हणायला मी तयार नाही, कितीही हळू आवाजात बोलला तरी.

आणि 1979 च्या दुसऱ्या भागात त्याला जिंकवलाच. तो भाग थिएटरात लागला तरी मी जाणार नाही.