टी-रेक्सचं चित्र बदलतं हे खरंय, पण ते का बदलतं ते त्या फॉरवर्डमध्ये नाहीये

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला तीन ठिकाणांहून आला, आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या जुन्या मित्रांच्या, आणि शेवटी घरच्याच ग्रुपवर. त्यात जे लिहिलंय ते थोडक्यात असं: "शास्त्रज्ञांना डायनासोरबद्दल काहीही माहीत नाही. आधी टी-रेक्स कांगारूसारखा उभा होता, मग आडवा केला, मग पिसं चिकटवली, मग काढली, आता ओठ लावले. आधी शिकारी म्हणाले, मग मढी खाणारा म्हणाले. स्पायनोसॉरस तर चार वेळा बदलला. चार हाडं सापडतात आणि अख्खा प्राणी बनवतात. भारतात एकही मोठा शिकारी डायनासोर सापडलेला नाही, म्हणजे हे परदेशी म्युझियमवाल्यांचं मार्केटिंग आहे. मुलांना हे शिकवणं बंद करा."

घरच्या ग्रुपवर आलं तेव्हा माझी नऊ वर्षांची भाची ताईच्या फोनवर ते वाचत होती, आणि तिने मला फोन करून विचारलं की मामा, मग माझं पुस्तक खोटंय का? तिचा आवाज ऐकून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे सगळं लिहितोय, एकेक मुद्दा घेऊन.

"आधी उभा होता, मग आडवा केला." बरोबर, केला. आणि गोष्ट त्याच्याही आधीपासून सुरू होते. १८२४ मध्ये विल्यम बकलंडने मेगालोसॉरस या दुसऱ्या एका मांसाहारी डायनासोरला नाव दिलं तेव्हा त्याच्याकडे दात असलेला खालच्या जबड्याचा एक तुकडा आणि थोडी सुटी हाडं होती, डायनासोर हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता, तो रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये काढला. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत मेगालोसॉरसचा पुतळा उभा राहिला, चार पायांवर, पाठीला उंचवटा, एकदम जाडजूड. तो अजूनही तिथे आहे. मग १८६६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला एका मोठ्या मांसाहारी डायनासोरचे अवशेष मिळाले, पुढचे हात छोटे आणि मागचे पाय लांब, आणि चार पायांची कल्पना संपली, कारण त्या मापात तो प्राणी चार पायांवर चालूच शकत नव्हता. दोन पायांवरचा प्राणी म्हटल्यावर कसा उभा करायचा तर कांगारूसारखा, शेपटी जमिनीवर टेकवून. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत टी-रेक्सचा सांगाडा १९१५ मध्ये तसाच उभा केला आणि पुढची ऐंशीएक वर्षं जगाने तोच टी-रेक्स बघितला.

तो आडवा का झाला? शेपटी जमिनीवर टेकवायची तर कमरेमागचे मणके जिथे वाकत नाहीत तिथे वाकवावे लागतात. आणि दगडात उमटलेल्या डायनासोरच्या पावलांच्या रांगा जगभर सापडल्यात, त्यात मागे शेपटी ओढल्याची रेघ क्वचितच दिसते. एवढी जड शेपटी रोज घासत चालला असता तर रेघ सगळीकडे दिसली असती ना. १९६४ मध्ये जॉन ऑस्ट्रम या शास्त्रज्ञाला अमेरिकेतल्या मोंटानात डायनोनिकस नावाचा शिकारी डायनासोर मिळाला, त्याची शेपटी हाडांच्या लांब काड्यांनी ताठ झालेली होती, म्हणजे ती हवेत तोल सांभाळायलाच होती. न्यूयॉर्कचा सांगाडा मग सोडवून पुन्हा जोडला आणि १९९५ मध्ये आडवा टी-रेक्स लोकांसमोर आला. कुणाला कंटाळा आला म्हणून नाही झालं ते.

हे मला खरं कळलं ते आजोळच्या अंगणात. तुम्ही कोंबडी चालताना जवळून बघा. आपल्याला वाटतं तिचा गुडघा मागे वाकतो, पण तो गुडघा नाहीचे, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, मांडी पोटाला लागून जवळजवळ आडवी असते, आणि ती चालते बोटांवर. सगळं अंग कमरेवर तोललेलं, एका बाजूला मान, दुसऱ्या बाजूला मागचा भाग. टी-रेक्सही बोटांवरच चालायचा, घोटा वरच, फक्त त्याची मांडी कोंबडीपेक्षा उभी होती कारण त्याच्याकडे मागे प्रचंड शेपटी होती आणि शेपटीतूनच मांडीला मागे खेचणारा मोठा स्नायू निघायचा. आणि कोंबडी साफ करताना छातीपाशी जे चिमट्यासारखं दोन फांद्यांचं हाड मिळतं ना, ज्याची दोन टोकं धरून मुलं खेळतात, ते हाड टी-रेक्सलाही होतं. एके काळी ते डायनासोरांना नसतंच असं मानायचे आणि म्हणून पक्षी त्यांच्यापासून आलेच नाहीत असं सांगायचे, नंतर ते हाड सापडलं.

आता पिसं. "चिकटवली, मग काढली." चीनमध्ये १९९६ मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स नावाचा छोटा डायनासोर मिळाला, अंगभर बारीक तंतू. २००४ मध्ये टी-रेक्सच्याच घराण्यातला लहानसा डिलाँग, त्याच्याही अंगावर तेच. आणि २०१२ मध्ये युटिरॅनस, हा जवळपास ९ मीटर लांब, साधारण १४०० किलोचा, आणि तंतू २० सेंटिमीटरपर्यंत. आता घराण्यातल्या लहानमोठ्या दोघांच्या अंगावर पिसं निघाली तर टी-रेक्सलाही असतील असं म्हणणं वावगं होतं का? अजिबात नाही. पण तेव्हा टी-रेक्सच्या स्वतःच्या कातडीचे ठसे नीट अभ्यासलेले नव्हते. ते काम २०१७ मध्ये झालं, मान, कंबर, शेपटी अशा ठिकाणचे कातडीचे छोटे तुकडे, आणि सगळ्यांवर बारीक खवले. म्हणून आता बहुतेक जण म्हणतात की मोठा झालेला टी-रेक्स मुख्यतः खवल्यांचाच होता, थोडी पिसं असलीच तर पाठीवर. हत्तीच्या अंगावर केस किती विरळ असतात बघा, तोही केसाळ सस्तन प्राण्यांच्याच घरातला आहे, पण एवढं मोठं अंग उष्णता धरून ठेवतं, त्याला कांबळं लागत नाही. डिलाँग आणि युटिरॅनसची पिसं आजही जिथल्या तिथे आहेत, ती कुणी काढलेली नाहीत.

ओठांचं मात्र मी जपून सांगतो कारण तिथे अजून वाद आहे. २०२३ मध्ये एका गटाने टी-रेक्सच्या जवळच्या नात्यातल्या डास्प्लेटोसॉरसचा दात आडवा कापून बघितला. सुसरी-मगरींचे दात तोंड मिटलं तरी बाहेर दिसतात, आणि बाहेरच्या बाजूचं एनॅमल जास्त झिजतं. या दातात तशी झीज नव्हती. शिवाय कवटीच्या मानाने दात किती मोठे याचं माप त्यांनी घोरपडीच्या जातभाईंशी ताडून पाहिलं, आणि घोरपडीचे दात तर ओठांआड पूर्ण झाकलेले असतात. उलट २०१७ मध्ये दुसऱ्या गटाने डास्प्लेटोसॉरसच्याच चेहऱ्याच्या हाडांवरून मगरीसारखी, ओठ नसलेली कातडी मांडली होती. मला ओठांची बाजू जास्त पटते, पण पैज लावणार नाही.

"आधी शिकारी, मग मढी खाणारा." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला कारण यात एका माणसाचं मत सगळ्यांच्या नावावर खपवलंय. जॅक हॉर्नर नावाच्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलं की टी-रेक्स फक्त मेलेली जनावरं खायचा, कारण हात इतके छोटे, मेंदूतला वासाचा भाग मोठा वगैरे. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं नाही, पुरावा शोधायला लागले. आणि २०१३ मध्ये जे छापून आलं ते तुम्ही डोळ्यांसमोर आणा: साऊथ डकोटात मिळालेले बदकतोंड्या डायनासोरच्या शेपटीचे दोन मणके, मध्ये टी-रेक्सच्या दाताचं टोक रुतलेलं, आणि त्या दाताभोवती नवीन हाड वाढून दोन्ही मणके एकमेकांना जुळून गेलेले. मेलेल्या जनावराचं हाड भरून येत नाही. म्हणजे टी-रेक्सने जिवंत जनावराच्या शेपटीला मागून धरलं, ते सुटलं, आणि दात अंगात घेऊन पुढे बराच काळ जगलं. अहो एवढा स्पष्ट पुरावा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेचा मिळतो ही केवढी मोठी गोष्ट आहे! आयतं मढं मिळालं तर तो सोडत नसणारच, तरस आणि सिंह पण दोन्ही करतात. "हललं नाही तर त्याला दिसत नाही" हे फॉरवर्डखालच्या कमेंटमध्ये कुणीतरी टाकलं होतं, ते एका हॉलिवूड सिनेमातून आलंय, त्याला काही आधार नाही, कवटीच्या मापावरून त्याच्या दोन्ही डोळ्यांची नजर समोर चांगली ५५ अंशांत एकावर एक येत होती. पळण्याच्या बाबतीत मात्र सिनेमा आणि जुनी पुस्तकं दोन्ही चुकली. २००२ मध्ये जॉन हचिन्सन आणि मारियानो गार्सिया यांनी हिशोब मांडला की एवढ्या वजनाने सुसाट पळायचं तर पायांच्या स्नायूंचंच वजन अंगाच्या अर्ध्याहून जास्त लागेल, तेव्हा जीपमागे धावणारा टी-रेक्स विसरा.

स्पायनोसॉरस चार वेळा बदलला, हो, बदलला, आणि अजून बदलेल. पण त्याचं काय झालं ते कळलं तर राग येण्याऐवजी वाईट वाटेल. एर्न्स्ट श्ट्रोमरने १९१५ मध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या हाडांवरून त्याचं वर्णन केलं, पाठीवर जवळपास माणसाएवढे उंच काटे. ती हाडं म्युनिकच्या म्युझियममध्ये होती आणि एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात सगळी गेली, उरली फक्त चित्रं आणि थोडे फोटो. पुढे इंग्लंडमध्ये १९८३ मध्ये बॅरिओनिक्स मिळाला, मगरीसारखा लांब जबडा, बरगड्यांच्या आत माशांचे खवले, म्हणून त्याच्या नात्यातल्या स्पायनोसॉरसचं तोंडही तसं काढायला लागले. मग २००८ मध्ये मोरोक्कोतल्या एर्फूद गावात एका माणसाने निझार इब्राहिम या शास्त्रज्ञाला खोक्यातली हाडं दाखवली, नंतर इटलीतल्या म्युझियममध्ये त्याला तशीच हाडं दिसली, पण ती नेमकी कुठल्या खड्ड्यातली हे सांगणारा तो एकच माणूस, आणि इब्राहिमला त्याची फक्त मिशी आठवत होती. २०१३ मध्ये एर्फूदलाच तो माणूस पुन्हा दिसला, त्याने जागा दाखवली, तिथे आणखी हाडं निघाली. २०१४ मध्ये आखूड पायांचा स्पायनोसॉरस आला, २०२० मध्ये त्याच जागेतून वल्ह्यासारखी शेपटी. आता भांडण एवढंच आहे की तो पाण्यात शिरून पोहत शिकार करायचा की काठावर बगळ्यासारखा उभा राहायचा, २०२२ मध्ये दोन्ही बाजूंचे पेपर आलेत. मासे खायचा यावर कुणाचं भांडण नाही.

"चार हाडं" म्हणे. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली स्यू नावाची टी-रेक्स १९९० मध्ये साऊथ डकोटात मिळाली, आकारमानाने बघितलं तर सांगाड्याचा ९० टक्के भाग आहे, लांबी १२.३ मीटर. हाडं कापली की झाडासारखी वर्षांची वलयं दिसतात, २००४ च्या अभ्यासात तिचं मरतानाचं वय २८ निघालं. हीच वलयं कधी मोठी उलथापालथ करतात. नॅनोटिरॅनस नावाचा छोटा शिकारी खरा की ते टी-रेक्सचं पिल्लू, यावर १९८८ पासून वाद होता, आणि बरीच वर्षं बहुतेक जण पिल्लूच म्हणत होते, मी स्वतः भाचीला तेच सांगितलं होतं. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या म्युझियममधल्या एका अप्रतिम सांगाड्याची वलयं मोजली तर तो जवळपास पूर्ण वाढलेला निघाला, आणि हात टी-रेक्सपेक्षा मोठा. वय वाढलं की हात लहान होत नाहीत, म्हणजे ते पिल्लू नाही, वेगळाच प्राणी. मी भाचीला फोन करून सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं. तिला केवढा आनंद झाला, आणखी एक डायनासोर वाढला म्हणून.

आणि शेवटचं, "भारतात एकही नाही". हे तर धडधडीत खोटं आहे. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीतून निघालेल्या हाडांना १९३३ मध्ये फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी इंडोसुकस आणि इंडोसॉरस अशी नावं दिली. इंडोसुकसला पुढे एका अभ्यासात टी-रेक्सच्या घराण्यातही बसवलं होतं. १९८५ मध्ये अर्जेंटिनातून अबेलिसॉरस आणि कार्नोटॉरस हे शिकारी डायनासोर पुढे आले आणि मग लक्षात आलं की आपले जबलपूरचे शिकारी या दक्षिणेकडच्या कुटुंबातले आहेत, भारत, मादागास्कर, दक्षिण अमेरिका एका भूखंडात जोडलेले होते त्या काळातलं नातं. मग गुजरातमधल्या रहिओलीचा राजासॉरस नर्मदेन्सिस. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या लोकांनी १९८० च्या दशकात तिथे हाडं गोळा केली, आणि सुरेश श्रीवास्तव यांनी कुठलं हाड नेमकं कुठे पडलं होतं याचा बारकाईने नकाशा काढून ठेवला होता. पुढे त्या नकाशामुळेच कळलं की कुठली हाडं एकाच जनावराची, आणि २००३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून नाव जाहीर केलं. डोक्यावर बुटकं शिंग, कमर, पाय, शेपटीची हाडं. ज्या काळात दख्खनचा लाव्हा वाहत होता, आपली सह्याद्रीची काळी कातळं बनत होती, साधारण त्याच काळात हा नर्मदेच्या खोऱ्यात फिरत होता.

२००३ मध्ये त्याची लांबी ९ मीटरपर्यंत धरली होती. २०१६ मध्ये पूर्ण सांगाडे मिळालेल्या नातेवाइकांच्या मापावरून पुन्हा हिशोब केला तर ६.६ मीटर निघाली. मार्केटिंग करायचं असतं तर ९ चे १२ केले असते. भाचीच्या भिंतीवर राजासॉरसचं तिने काढलेलं चित्र आहे, खाली लांबी लिहिलीये, तिने ९ खोडून ६.६ केलंय.