हरियाल खानदेशाचाही आहे

महाराष्ट्राची राज्यचिन्हे सह्याद्री आणि कोकणापुरतीच असून खानदेशाच्या वाट्याला त्यांतले काहीच येत नाही, हे राज्यचिन्हांवरील तुमच्या लेखातील विधान अर्धेच खरे आहे. २०२० मध्ये जाहीर झालेला राज्य कांदळवृक्ष पांढरी चिप्पी आणि २०२३ मध्ये आलेला राज्यमासा पापलेट ही किनाऱ्याचीच चिन्हे आहेत, आणि राज्यप्राणी शेकरूचे (मोठ्या खारीचे) नाव निघाले की भीमाशंकरच आठवते, हे मान्य. पण राज्यपक्षी हरियालाला लेखकाने एका ओळीत निकालात काढले आहे, ते पटले नाही.

पिवळ्या पायांचा हा हिरवा पारवा वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. त्यामुळे यावल, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, फळांनी लगडलेल्या वडावर त्याचे थवे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत, अर्थात पानांत तो असा मिसळतो की पंख फडफडल्याशिवाय दिसत नाही. लेखात खरी उणीव आहे ती या झाडांची. रस्ता रुंदीकरणात आमच्याकडचे जुने वड गेले आणि त्यांच्या जागी शोभेचे गुलमोहर लागले, ज्यांच्या शेंगांचा हरियालाला काडीचाही उपयोग नाही.