जिम्नीला ३ इंच लिफ्ट म्हणजे ३ इंच उंची? तसं नाही

सोलापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय : मारुतीच्या जिम्नी या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला ३ इंच लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणारा किट) आणि २३५/७५ आर१५ मापाचे मोठे टायर बसवा, गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाखालीही ३ इंच जास्त जागा मिळते आणि ओढही वाढते. दोन्ही चूक.

जिम्नीचे दोन्ही अ‍ॅक्सल सलग आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच कडक दांडा. लिफ्टने चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी वर जाते, पण त्या दांड्यावरचा डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी, जागचा हलत नाही; सगळ्यात खाली तोच असतो. त्या गोळ्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर. कंपनीच्या १९५/८० आर१५ चा व्यास सुमारे ६९३ मिमी, २३५/७५ चा ७३३. गोळा वर जातो तो या फरकाच्या निम्मा, म्हणजे गोळ्याखाली जागा वाढली फक्त २० मिमी, एक इंचही नाही.

ओढ तर कमीच होते. टायर ६ टक्के मोठा झाला की गिअर तेवढाच उंच पडतो, म्हणजे चाकाला मिळणारा जोर तेवढा कमी होतो, त्यात रबराचं वजन. १.५ लिटरच्या इंजिनाला चढावर ते लगेच जाणवतं. स्पीडोमीटर आधी अचूक असेल, तर आता तो ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या पुढे असते.

आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी अडते ती बहुतेक वेळा टायरच्या खाचा चिखलाने भरल्यामुळे. माझ्या मते २१५/७५ मध्ये खोल खाचांचा टायर घ्या, लिफ्टच्या नादी लागू नका.