एक तारा आणि पिपची अडवणूक: आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या रिव्ह्यूचा सारांश असा: आम्ही ग्राहकांना देतो त्या डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर पिप, म्हणजे पायथॉनची पॅकेजं बसवणारं टूल, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणत अडून बसतं, सपोर्ट ‘ॲप्टमधून (डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज-साठ्यातून) घ्या’ सांगतो, ॲप्टमध्ये पायडँटिक (डेटा तपासणारी पायथॉन लायब्ररी) अजून १.१० वरच आहे, आणि रूट (सर्व्हरचे पूर्ण अधिकार) देऊनही आम्ही ग्राहकाचे हात बांधतो. तारा एक.

पायडँटिकचं तुमचं म्हणणं खरं आहे. डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये आणि पायडँटिक २ त्याच महिन्याच्या अखेरीला. पॅकेजांची व्हर्जनं त्याआधीच गोठवलेली होती, आणि स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, ती सहसा तशीच राहतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या व्हर्जनमध्येच लावून मिळतात, त्यामुळे आकडा जुना दिसला म्हणून भोक उघडंच आहे असं नसतं. अर्थात तुमच्या ॲपला याचा काही उपयोग नाही.

पिपची अडवणूक मात्र आमची नाही. ‘इथली पायथॉन पॅकेजं ॲप्ट सांभाळतं’ असं पिपला सांगणारी, डेबियनने ठेवलेली एक खुणेची फाईल असते. नियम पायथॉनच्या पीईपी ६६८ या प्रस्तावाचा, आणि पिप २३.० पासून तो पाळतं. ती फाईल उडवली की तक्रारी थांबतात, हे आम्हालाही माहीत आहे. तरी आम्ही ती उडवत नाही.

कारण असं. सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकारानं, पिपनं टाकलेलं पॅकेज यूएसआर-लोकल या फोल्डरखाली जातं, आणि डेबियनचं पायथॉन लायब्ररी शोधताना ॲप्टच्या जागेआधी तिथे बघतं. म्हणजे तुमच्या ॲपसाठी आणलेली नवी क्रिप्टोग्राफी लायब्ररी त्या क्षणापासून सर्टबॉटच्याही (साईटचं सुरक्षा-सर्टिफिकेट आणणारं, नवं करणारं टूल) गळ्यात पडते. सर्टबॉट ॲप्टमधलं, त्याच्या सोबतची, क्रिप्टोग्राफीवर चालणारी पायओपनएसएसएल लायब्ररी जुनी. दोन्हींचं जमलं नाही तर सर्टबॉट सुरू होतानाच कोसळतं. आणि हे त्या दिवशी कळत नाही! ९० दिवसांचं सर्टिफिकेट शेवटच्या महिन्यात नवं करायची वेळ येते, तेव्हा ते गुपचूप फसत राहतं. एका सकाळी ब्राउझर साईट उघडायलाच नकार देतो. तोवर पिपची ती कमांड कुणाला आठवत नसते, आणि डीपीकेजीला (ॲप्टच्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या टूलला) विचारावं तर त्याच्याकडे त्या फायलींची नोंदच नाही.

हात बांधल्याचं म्हणाल, तर रूट तुमच्याकडेच आहे. ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय जोडला की पिप निमूट काम करतं. नाव पुरेसं बोलकं आहे.

सपोर्टच्या उत्तराबद्दल. ‘ॲप्टमधून घ्या’ हे सर्व्हरच्या स्वतःच्या टूल्सपुरतं होतं. त्याच उत्तरातली पुढची ओळ, ॲपसाठी व्हेन्व (पॅकेजांचं स्वतंत्र फोल्डर) बनवा, तुमच्या रिव्ह्यूत आलेली नाही. व्हेन्व पायथॉनमध्ये ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे, आणि त्याचं डेबियन पॅकेज आमच्या सर्व्हरवर आधीच बसवलेलं असतं. त्यात पायडँटिक २ घाला, उद्या ३ आलं तर तेही घाला. रूट लागत नाही, बिघडलं तर फोल्डर उडवून पुन्हा बनवा. एकटं चालणारं कमांड-लाईन टूल हवं असेल तर पिपएक्स वापरा, ते प्रत्येक टूलला स्वतःचं व्हेन्व देतं.

ॲप्टला मात्र पूर्ण रजा देऊ नका. सायकोपीजी२ या पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचं ‘बायनरी’ पॅकेज लिबपीक्यू आणि ओपनएसएसएल या सी-लायब्रऱ्यांच्या स्वतःच्या प्रती पोटात घेऊन येतं, आणि सर्व्हरवरचं ओपनएसएसएल आम्ही अपडेट केलं तरी त्या प्रती जुन्याच राहतात. प्रॉडक्शनसाठी सोर्समधून बांधा, असं त्या प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशनही सांगतं. म्हणून सी-मधलं ॲप्टकडून, पायथॉनमधलं व्हेन्वमध्ये, अशी वाटणी आम्हाला पटते. व्हेन्वमधलं काहीही आमचे आपोआप होणारे अपडेट बघत नाहीत, ते तुमच्याकडे. डेबियन १३ वर जाताना पायथॉन ३.११ चं ३.१३ होतं आणि व्हेन्व नव्याने बांधावं लागतं, म्हणून रिक्वायरमेंट्स फाईल (व्हेन्वमधल्या पॅकेजांची यादी) जपून ठेवा.

तुमचं तिकीट उघडंच आहे. ती रिक्वायरमेंट्स फाईल त्यात जोडा. कुठल्या लायब्ररीला कुठलं डेव्ह पॅकेज (सोर्समधून बांधायला लागणाऱ्या फायली) लागेल ते बघून आम्ही ॲप्टमधून बसवून देऊ.