जावईबापू, हा बघतो कुठून?

परवाच्या लाइव्हमध्ये माझ्यापेक्षा माझ्या मामेसासऱ्यांचं जास्त कौतुक झालं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचा मजकूर कुठल्या मनःस्थितीत लिहिलाय ते लक्षात येईल.

चांगला कॅमेरा घरात असताना लॅपटॉपच्या टिकलीएवढ्या भिंगात तोंड का घालायचं, एवढाच माझा साधा प्रश्न होता. अडचण अशी, की कॅमेऱ्याचं एचडीएमआय, म्हणजे चित्राची केबल लावायचं भोक, चित्र बाहेर टाकतं आणि लॅपटॉपचंही बाहेरच टाकतं. दोघंही बोलणारे, ऐकून घेणारं कुणी नाही. मध्ये कॅप्चर कार्ड नावाचा मध्यस्थ लागतो. माझ्या कॅमेऱ्यावर बसवलेल्या पाच इंची मॉनिटरला यूएसबी-सीचं भोक आहे आणि त्याच्या खोक्यावर ठळक लिहिलंय, की हाच वेबकॅम म्हणूनही चालतो, म्हणजे मध्यस्थ याच्या पोटातच. मी जोडाजोडी करत होतो, तेवढ्यात मामा आले आणि खिडकीजवळची खुर्ची पकडून बसले.

"हे काय?"

"मॉनिटर, मामा. याचा वेबकॅम करतोय."

"मॉनिटर म्हणजे आपण ज्यात बघतो तोच ना?"

"हो."

"मग जावईबापू, हा बघतो कुठून?"

"तो नाही बघत. बघतो कॅमेरा. हा फक्त लॅपटॉपला जाऊन सांगतो."

"चहाड्या करतो म्हणा की."

"तसंच."

"मग कॅमेराच का नाही सांगत?"

"त्याचं लॅपटॉपला कळत नाही. हा लॅपटॉपला सांगतो की मी वेबकॅम आहे, मग लॅपटॉप ऐकतो."

"आणि आहे का हा वेबकॅम?"

"...नाही."

"म्हणजे खोटं बोलतो." मामांनी चष्मा वर सरकवून मॉनिटरला नीट न्याहाळलं. "आणि याचे तुम्ही पैसे दिलेत?"

यूव्हीसी म्हणजे वेबकॅम आणि संगणक यांच्यातली ठरलेली भाषा, आणि ती बोलणारा कुठलाही वेबकॅम वेगळा ड्रायव्हर न टाकता कसा चालतो, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लॅपटॉपला स्वतःचा कॅमेरा आहे ना? मग तो आता काय करणार?"

"काही नाही. बसून राहील."

"माझ्यासारखा," मामा म्हणाले. त्यात टोमणा होता की नाही, हे अजून ठरत नाही.

पुढचा तास केबलने खाल्ला. खोक्यात आलेली केबल लावली, तर मॉनिटरची बॅटरी इमानेइतबारे चार्ज व्हायला लागली, पण लॅपटॉपच्या यादीत वेबकॅमचा पत्ता नाही. केबल फक्त चार्जिंगची निघाली! आत डेटाच्या ताराच नाहीत. बाहेरून बघाल तर एक चार्जिंगची, एक सेकंदाला 480 मेगाबिट नेणारी, एक 10 गिगाबिट नेणारी, तिघींचं तोंड अगदी सारखं. मी खिडकीशी जाऊन एकेक केबल बोटांत फिरवत प्लगवर एखादी बारीक खूण सापडते का ते शोधत होतो. काहींवर तीही नव्हती. फुल एचडीचं सेकंदाला 60 फ्रेमचं कच्चं चित्र 2 गिगाबिटच्या आसपास जातं, म्हणजे हा फरक काही शोभेचा नाही. 2014 साली यूएसबी-सी आलं तेव्हा केवढा गवगवा, की आता कुठल्याही बाजूनं घाला, चालेल. घालायची बाजू सोडवली आणि बाकीची सगळी गोची आमच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिली. वेबकॅम म्हणून विकायचं आणि सोबत डेटा न नेणारी केबल द्यायची, याला माझ्याकडे शब्द आहे, पण मामा हा लेख वाचतील.

मग चित्र आलं, ते माझ्या कपाळावर आयएसओचे आकडे आणि नाकाभोवती पिवळी चौकट घेऊन. कॅमेऱ्याच्या मेनूत खोल जाऊन ती माहिती बंद केली. मग आवाज आधी आणि ओठ मागून. चित्र दोन घरं हिंडून येतं, माइक मात्र थेट लॅपटॉपला, म्हणून आवाजाला थोडं थांबवून ठेवावं लागतं. किती थांबवायचं हे बघायला मी मामांना कॅमेऱ्यापुढे उभं करून एक टाळी वाजवायला सांगितली. मामांनी एक वाजवली. मग दुसरी. मग डोळे मिटून संथ लयीत वाजवतच राहिले. मिलीसेकंद जुळून गेले तरी त्यांना थांबवायला माझी जीभ रेटेना.

शेवटी लाइव्ह सुरू झालं. विषय होता 'चेहऱ्यावरचा उजेड'. मामा खिडकीजवळच्या खुर्चीत परतले आणि बसताना त्यांच्या गुडघ्यानं यूएसबीची केबल ओढली गेली. तिला ना कडी ना खिटी, ती निमूट निघाली. वेबकॅम गायब झाल्याबरोबर ब्राउझरनं लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा उघडला. लॅपटॉप बाजूच्या टेबलावर, तोंड मामांकडे. मला कळायला मार्गच नव्हता, कारण एचडीएमआय जागेवर होती आणि समोरच्या मॉनिटरमध्ये मी ठणठणीत दिसत होतो. आवाज माझा, जांभई मामांची. मी 'सावली एका गालावर मऊ पडू द्या' म्हणत होतो, तेव्हा मामा करंगळीनं कान साफ करत होते.

नंतर प्रतिक्रिया वाचल्या. "उजेड फारच सुंदर पडलाय." "सर, आज नैसर्गिक वाटलात." "न बोलता बोलण्याची कला शिकवाल का?"

लोक काहीही बघतात, हे मला माहीत नाही असं नाही. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 1991 मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, तो एवढ्यासाठी की भांडं रिकामं असेल तर उगाच पायपीट नको. 1993 मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि 2001 मध्ये बंद होईपर्यंत जगभरचे लोक तो धुरकट, करडा चौकोन बघत होते. पण त्या भांड्याच्या मागे उभं राहून कुणी तासभर व्याख्यान देत नव्हतं, एवढा फरक आहे.

केबलबद्दल कंपनीला लिहिलं. उत्तर आलं : 'कृपया केबल नीट जोडली आहे ना, ते तपासा.'

रेकॉर्डिंग मी काढून टाकणार होतो, पण त्याआधीच मामांनी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं. काल त्यांचा फोन आला.

"जावईबापू, पुढच्या वेळी विषय कुठला घेणार आहोत आपण?"