‘पण हिटलरने देश तर उभा केला ना?’

हा प्रश्न चांगली शिकली-सवरलेली माणसंही विचारतात, तेव्हा मला मनापासून चीड येते. म्हणून जरा हिशेब मांडते.

१९३३ च्या सुरुवातीला जर्मनीत ६० लाख बेकार होते आणि पाच-सहा वर्षांत बेकारी जवळपास संपली, हे खरं आहे. श्रेय लगेच ऑटोबानला, म्हणजे जर्मनीतल्या जलदगती महामार्गांना, दिलं जातं. पण कोलोन-बॉन हा महामार्ग हिटलर सत्तेवर येण्याआधीच, ऑगस्ट १९३२ मध्ये खुला झाला होता. आणि ऐन भरातही ऑटोबानच्या कामावर माणसं होती ती साधारण सव्वा लाख.

खरा पैसा ओतला गेला शस्त्रांत, तोही लपवून. राइशबँकेचा, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा, अध्यक्ष याल्मार शाख्त याच्या पुढाकाराने १९३३ मध्ये ‘मेफो’ नावाची कंपनी निघाली. भांडवल फक्त १० लाख मार्क, कारखाना एकही नाही. क्रुप, सीमेन्ससारख्या कंपन्या लष्कराला माल पुरवायच्या आणि पैशांसाठी या मेफोवर हुंडी काढायच्या. राइशबँक ती वटवायची. सरकारी अंदाजपत्रकात या कर्जाचा मागमूस नाही! मुदत वाढवत वाढवत १९३८ पर्यंत अशा सुमारे १२ अब्ज मार्कांच्या हुंड्या बाजारात आल्या.

आणि कामगार? २ मे १९३३ ला संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली, नेते तुरुंगात गेले, मजुरीचे दर मंदीतल्या पातळीवरच गोठवले. लग्नासाठी १,००० मार्कांपर्यंत कर्ज मिळे, अट अशी की बायकोने नोकरी सोडायची. ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून हाकललं. १९३५ पासून सक्तीची लष्करभरती. बेकारांची यादी अशीही आखूड होत गेली. आठवड्याला ५ मार्क भरा आणि फोक्सवागन घ्या, या योजनेत तीन लाखांहून जास्त लोकांनी पैसे गुंतवले. नाझी राजवटीत त्यांतल्या एकालाही गाडी मिळाली नाही.

हुंड्या चुकत्या करायची वेळ आली तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. युद्ध केवळ पैशासाठी झालं असं मी म्हणत नाही. पूर्वेकडची भूमी बळकावायची हाव आधीपासूनच होती. पण तारखा बघा. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला, तिथल्या मध्यवर्ती बँकेचं सोनं बर्लिनला गेलं. नोव्हेंबरात ज्यूंची दुकानं फोडली, वर त्यांच्यावरच १ अब्ज मार्कांचा दंड लादला आणि त्यांच्या विम्याची भरपाईही सरकारने लाटली. जानेवारी १९३९ मध्ये राइशबँकेच्या संचालकांनी हा खर्च चलन बुडवेल असं लेखी बजावलं, तर हिटलरने शाख्तलाच काढून टाकलं. दोन महिन्यांत जर्मन फौजा चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये होत्या.